दुसऱ्या ओळीतले दुकान

नव्या धंद्याचे नाव गूगलमध्ये टाइप करावे. ते नेहमीच्या एखाद्या शब्दापासून एका अक्षराने वेगळे असेल, तर अनेकदा वर दोन ओळी येतात. पहिली मोठ्या अक्षरांत. तिच्यात तो नेहमीचा शब्द असतो आणि निकाल त्याचेच दाखवत आहोत, असे सांगितलेले असते. दुसरी तिच्याखाली, लहान अक्षरांत. तुम्ही टाइप केलेले तसेच्या तसे शोधायचे असेल तर इथे दाबा, असा तिचा अर्थ. धंद्याचे खरे नाव या दुसऱ्या ओळीत असते.

या क्रमाकडे फारसे कोणी पाहत नाही. पाहायला हवे. गिऱ्हाइकाने जे मागितले ते खाली आणि जे मागितले नाही ते वर. शिवाय न मागितलेले आधीच आणून समोर ठेवलेले. मागितलेले हवे असेल तर पुन्हा एकदा मागायचे. एखाद्या दुकानदाराने काउंटरवर असे केले तर गिऱ्हाईक पायरी उतरून जाईल. पडद्यावर मात्र तेच गिऱ्हाईक आपलेच काही चुकले असेल असे समजून पुढे जाते.

यंत्राला दोन्ही रीती येतात. शंका असली की ते विचारते, तुम्हाला अमुक म्हणायचे होते का? खात्री वाटली की विचारत नाही, करून मोकळे होते. तेव्हा मुद्दा त्या खात्रीचा आहे. ज्या नावाशी आपली ओळखच नाही ते चुकीचे आहे, अशी खात्री यंत्राला होते कशी?

मोजून होते. टाइप करताना माणसे मनमानी चुका करत नाहीत, हे फ्रेडरिक डॅमेरॉ यांनी १९६४ सालीच दाखवून दिले होते. ऐंशी टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारांत बसतात. एक अक्षर गळते. एक जादा पडते. एकाच्या जागी दुसरे येते. किंवा शेजारची दोन अक्षरे जागा बदलतात. आजची यंत्रे त्यापुढे फार लांब गेली आहेत. वाक्याचा संदर्भ पाहतात, टाइप करणाऱ्याने शेवटी कशावर बोट ठेवले हेही पाहतात. पण मूळ विचार तोच. टाइप झालेल्या शब्दापासून एक-दोन अक्षरांवर अधिक वापरातला शब्द आहे का? असेल, तर माणसाला बहुधा तोच हवा होता.

आता नवी नावे कशी घडतात ते पाहावे. एक अक्षर गाळतात, कारण पूर्ण शब्दाचा डोमेन कोणीतरी आधीच घेऊन ठेवलेला असतो. एक वाढवतात, कारण अंकज्योतिष्याने बेरीज जुळवून दिलेली असते. एक बदलतात, कारण मालाचे नुसते वर्णन करणारा शब्द ट्रेडमार्क म्हणून मिळत नाही. फ्लिकरने ‘ई’ गाळला. लिफ्टने ‘आय’ काढून ‘वाय’ घातला. नायकाने शेवटी ‘ए’ दोनदा लिहिला. झोमॅटो टोमॅटोपासून एका अक्षरावर आहे.

म्हणजे नाव घडवण्याच्या रीती आणि चूक होण्याच्या रीती त्याच आहेत. नुसती अक्षरे पाहून दोन्हींतला फरक कळणे शक्य नाही. फरक अक्षरांबाहेर आहे. चुकीच्या मागे कोणी उभे नसते. नावाच्या मागे मालक उभा असतो. त्याने कागद केलेले असतात, पाटी लावलेली असते, कर्ज काढलेले असते. यंत्र त्याला विचारत नाही. गर्दीला विचारते.

गर्दीचा कौल पुष्कळदा बरोबर येतो, हे मान्य करायला हवे. गूगलने पूर्वी एक यादी प्रसिद्ध केली होती. ब्रिटनी स्पिअर्स या गायिकेचे नाव लोकांनी तीन महिन्यांत किती तऱ्हांनी टाइप केले, त्याची. तऱ्हा ५९३ भरल्या. बरोबर नाव ४,८८,९४१ जणांनी टाइप केले होते. त्याखालची सर्वांत लोकप्रिय चूक ४०,१३४ जणांची. एवढा फरक असेल तर बरोबर काय हे सांगायला शब्दकोश लागत नाही. आकडाच सांगतो.

ही यादी यंत्राच्या हुशारीचा पुरावा म्हणून सांगितली जाते. तिच्यातली अट मात्र कोणी सांगत नाही. त्या गायिकेला तोवर सारे जग ओळखत होते. लाखो लोक बरोबर लिहीत होते, म्हणून हजारोंची चूक पकडता आली. ज्याचे नाव बरोबर लिहिणारे अजून चाळीसच आहेत, त्याचे काय? त्याचे चाळीसही चुकीच्या रकान्यात जातात. शेजारच्या शब्दाचा आकडा इतका मोठा असतो की हे चाळीस जण त्याच शब्दाचे चुकलेले चाळीस भासतात.

झोमॅटोचे उदाहरण इथे उपयोगी पडते. २०१० साली ‘फूडीबे’चे ‘झोमॅटो’ झाले. आज ते नाव टाइप करणाऱ्याला टोमॅटो हवा होता का, असे कोणी विचारत नाही. अक्षरे तीच आहेत. टोमॅटोपासूनचे अंतरही तेवढेच आहे. बदलला तो आकडा. आणि आकडा बदलला तो गुंतवणूकदारांच्या पैशाने, रस्त्यारस्त्यावरच्या फलकांनी, क्रिकेटच्या षटकांमधल्या जाहिरातींनी. एवढे झाल्यावर यंत्राला ते स्पेलिंग शुद्ध वाटू लागणारच. ज्याच्याकडे एवढा पैसा नाही त्याचे स्पेलिंग अशुद्ध राहते. शुद्धलेखन इथे जाहिरातखर्चावर ठरते.

हेच या लेखाचे म्हणणे आहे. पहिल्या ओळीत काय असावे, हे बरोबर-चूक पाहून ठरत नाही. जुने-नवे पाहून ठरते. नव्याला चूक म्हटले जाते. आणि धंदा तर पहिल्या दिवशी नवाच असतो.

गूगलच्याच दोन आकड्यांतून हे अधिक स्पष्ट होते. दहातल्या एका शोधात स्पेलिंगची चूक असते, असे गूगलने २०२० साली सांगितले. रोज येणाऱ्या शोधांपैकी पंधरा टक्के आधी कधीच आलेले नसतात, असे ती कंपनी वर्षानुवर्षे सांगत आली आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. पूर्वी न दिसलेले शोध चुकलेल्या शोधांहून जास्त आहेत. तेव्हा ‘हे आम्ही पाहिलेले नाही’ यावरून ‘हे चुकले आहे’ असा निष्कर्ष काढण्याआधी थांबायला हवे, हे कंपनीलाच इतरांपेक्षा अधिक ठाऊक असणार.

कायद्याची दृष्टी नेमकी उलटी आहे. ट्रेडमार्कच्या जगात सर्वांत बळकट नाव कोणते? जे मालकाने स्वतः घडवले, ज्याला आधी काही अर्थच नव्हता ते. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली ‘कोडॅक’ असेच घडवले. नाव छोटे असावे आणि त्याचे स्पेलिंग चुकताच येऊ नये, असा त्यांचा कटाक्ष होता. घडवलेल्या शब्दाला कायदा मान देतो, कारण तो दुसऱ्या कोणाचा असू शकत नाही. शोधयंत्र त्याच शब्दाकडे संशयाने पाहते, कारण तो दुसऱ्या कोणाचा असलेला त्याने पाहिलेला नसतो.

आपल्याकडे एका नावाला किती चाळण्यांतून जावे लागते, तेही लक्षात घ्यावे. कंपनी नोंदवायची तर नियम सांगतो की नुसते स्पेलिंग बदलून नाव वेगळे होत नाही. उच्चार तोच राहिला तर नाव तेच धरले जाईल. ट्रेडमार्क घ्यायचा तर लहान उद्योजकाला एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये भरून ऑनलाइन अर्ज करावा लागतो. मग तपासणी होते. मग नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापले जाते. मग चार महिने कोणाची हरकत येते का, याची वाट पाहायची. या नोंदणीचे मुख्य कार्यालय मुंबईतच, अँटॉप हिलला आहे. तिथे एकच कसोटी पुन्हा पुन्हा लावली जाते. हे नाव दुसऱ्या नावासारखे वाटून गिऱ्हाइकाची फसगत होईल का?

त्या कसोटीतले गिऱ्हाईक कसे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली सांगून ठेवले आहे. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांच्या नावांचा तो खटला होता. सर्वसाधारण बुद्धीचा, अर्धवट आठवणाऱ्या माणसाचा घोटाळा होईल का, हे पाहायचे. कायद्याने या माणसाला डोळ्यांसमोर ठेवले ते त्याला जपण्यासाठी. त्याचा घोटाळा होऊ नये म्हणून नावांमध्ये अंतर राखायचे, आणि ते अंतर राखण्याची जबाबदारी धंदा करणाऱ्यावर टाकायची.

शोधयंत्रानेही हाच अर्धवट आठवणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला आहे. फरक इतकाच की प्रत्येक माणूस तोच आहे, असे ते धरून चालते. ज्याला नाव नीट आठवते आहे, ज्याने कार्डावर पाहून एकेक अक्षर जपून टाइप केले आहे, त्यालाही ते विसरभोळ्यांत काढते. कायदा जो घोटाळा टाळायला बसला आहे, तोच घोटाळा यंत्र घडवून आणते. अँटॉप हिलने वेगळी ठरवलेली दोन नावे गूगलच्या माउंटन व्ह्यूमध्ये पुन्हा एक होतात.

मराठी धंद्यावर हा भार दुप्पट पडतो. कारण आपली नावे रोमनमध्ये लिहिण्याची एकच ठरलेली रीत नाही. ‘ज्ञ’ मराठी माणूस ‘डी-एन-वाय’ असा लिहितो, हिंदी भाषक ‘जी-वाय’ असा, संस्कृतचे अभ्यासक ‘जे-एन’ असा. तिन्हींना आपापल्या जागी आधार आहे. पण मोजायला बसले की हिंदी पट्ट्यातली माणसे जास्त भरणार. ज्याची मोजणी मोठी त्याचे स्पेलिंग बरोबर, हा नियम लावला की पैठणच्या शिकवणीवर्गाला आपल्याच ‘ज्ञा’साठी झगडावे लागते.

इंग्रजीचा शेजार तर त्याहून अडचणीचा. ‘हळद’ रोमनमध्ये लिहा. पहिले अक्षर बदलले की सॅलड होते. ‘पोळी’चे शेवटचे अक्षर बदलले की इंग्रजी ‘पॉली’. ‘जाते’ तर कित्येक इंग्रजी शब्दांपासून एकाच अक्षरावर बसले आहे. जात्यावरच्या पिठाचा घरगुती धंदा काढणाऱ्या बाईने हे नाव घेतले, तर तिने काही वेडेवाकडे केले असे कोणी म्हणणार नाही. तिच्या गिऱ्हाइकांना त्याचा अर्थ कळतो. आजीच्या घरी त्यांनी ते पाहिलेले असते. त्या नावात कोणतेही अक्षर गाळलेले नाही, कोणतेही वाढवलेले नाही. तरी ते संशयाच्या रेषेवर उभे आहे, कारण इंग्रजीत त्या रेषेपलीकडे मोठी वस्ती आहे.

मग देवनागरीत शोधावे, असे कोणी म्हणेल. म्हणणे बरोबर आहे. पण आपल्याकडे मराठी शब्द रोमनमध्ये टाइप करणारे असंख्य आहेत. देवनागरीचा कळफलक हाताशी असूनही करतात. मालकाला गिऱ्हाइकाची सवय बदलता येत नाही. त्याला गिऱ्हाईक हवे आहे.

याच राज्यात पाटीवरून मोठी लढाई झाली. दुकानाचे नाव मराठीत, देवनागरीत हवे. त्याची अक्षरे दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेली लहान दुकानेही त्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२३मध्ये न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. अक्षराच्या आकाराला आणि ओळीच्या क्रमाला अर्थ असतो, हे त्या सगळ्या वादात दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले होते. अर्थ नसता तर भांडण कशाला झाले असते?

आज गिऱ्हाईक रस्त्यावरची पाटी वाचण्याआधी पडद्यावरची पाटी वाचते. तिथे दुकानाचे नाव लहान अक्षरांत, दुसऱ्या ओळीत आहे. तिथल्या क्रमाबद्दल विधिमंडळात कोणी बोललेले ऐकिवात नाही. रस्त्यावरच्या पाटीसाठी नियम करणाऱ्यांना ही पाटी दिसत नाही, की ती आपली वाटत नाही, हे त्यांनाच ठाऊक.

यावर दोन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले, लोकांच्या चुका खरोखरच होतात आणि दुरुस्तीचा लाखोंना फायदा होतो. ते खरे आहे. आजाराचे किंवा औषधाचे नाव चुकीचे टाइप करणाऱ्याला योग्य पानावर पोहोचवणे हे मोलाचे काम आहे. ते बंद करा असे कोणीही म्हणत नाही. पण चूक सुधारण्यासाठी विचारणे पुरेसे होते. न विचारता बदलण्याने वाचतो तो एक क्लिक. तो ज्याचा वाचतो त्याला त्याची किंमत शून्य. ज्याचे नाव खाली जाते त्याला त्याची किंमत पूर्ण गिऱ्हाईक.

दुसरे उत्तर धीराचे असते. थांबा, लोक शोधू लागले की यंत्र आपोआप शिकेल. हे उत्तर ऐकायला समजूतदार वाटते. त्यात वर्तुळ आहे. लोकांनी शोधावे म्हणून यंत्राने दाखवायला हवे, आणि यंत्राने दाखवावे म्हणून लोकांनी शोधायला हवे. मधल्या काळात पहिल्या ओळीवर समाधान मानून गेलेला प्रत्येक जण आकडेवारीत कुठे बसतो? त्याने दुरुस्ती नाकारली नाही, एवढीच त्याची नोंद उरते. न बोलणे म्हणजे होकार, असे धरले तर नव्या नावाच्या विरुद्ध पुरावा दररोज साचत जातो.

आणि नव्या धंद्याला धीर परवडत नाही. त्याच्या आयुष्यातले पहिले काही महिने हेच सर्वांत नाजूक. भाडे तेव्हाच अंगावर येते, उधारी तेव्हाच थकते, आणि तोंडी शिफारशीवर आलेले गिऱ्हाईक तेव्हाच नाव शोधून पाहते. नेमक्या या महिन्यांत यंत्र त्याला ओळखत नाही. ओळखू लागेल तोवर ज्याला तगायचे तो तगलेला असतो, उरलेल्यांनी शटर ओढलेले असते.

१९९७ साली गूगलला ही अडचण नव्हती. ‘गूगॉल’ या मोठ्या संख्येच्या नावाचे स्पेलिंग बदलून ते नाव झाले, ही गोष्ट आता इतक्यांदा सांगून झाली आहे की तिच्यावर टाळी घेण्यात अर्थ नाही. लक्षात घ्यायचे ते वेगळे. तेव्हा पत्त्याच्या पट्टीत जे टाइप करावे ते उघडत असे. नाव विचित्र आहे का, नेहमीच्या शब्दाजवळचे आहे का, हे कोणी पाहत नसे. २००८ साली गूगलच्याच क्रोम ब्राउझरने पत्त्याची पट्टी आणि शोधाची पट्टी एक केली. सोय झाली. पण नाव आणि दुकान यांच्यामध्ये एक परीक्षक कायमचा येऊन बसला. ज्या कंपनीला असा परीक्षक कधी भेटला नाही, तिनेच तो नेमला.

परीक्षकाला माहिती नसते, असेही नाही. धंद्याची नोंद नकाशावर करायची तर हीच कंपनी मालकाकडून पडताळणी मागते. अनेकांना दुकानाचा व्हिडिओ काढून पाठवावा लागतो. रस्ता दाखवा, आतली जागा दाखवा, नावाची पाटी दाखवा. मालक पाटीसमोर फोन धरून उभा राहतो. कंपनी पाटी वाचते आणि नाव मान्य करते. त्याच नावाची दुसऱ्या दिवशी शोधपट्टीत दुरुस्ती होऊ शकते. एका खिडकीवर शिक्का मारून मिळालेला कागद शेजारच्या खिडकीवर चालत नाही, हा अनुभव आपल्याला सरकारी कचेऱ्यांतून होता. जगातली माहिती एकत्र लावून देण्याचे ब्रीद असलेल्या कंपनीकडून तो अपेक्षित नव्हता.

पैशाची बाजूही याच दोन ओळींना जोडलेली आहे. जाहिरातदाराने एखादा शब्द निवडला की त्याची चुकलेली स्पेलिंगेही आपोआप त्यात धरली जातात. ती नको असे म्हणण्याची मुभा सप्टेंबर २०१४मध्ये काढून घेण्यात आली. आता नव्या दुकानाचे नावच कोणाचे तरी चुकलेले स्पेलिंग ठरले, तर त्या नावाच्या शोधावर जाहिरात कोणाची लागेल, हे सांगायला नको. मालकाला आपल्याच नावावर पहिली जागा हवी असेल, तर ती विकत घेण्याची सोय मात्र आहे. यंत्राच्या चुकीचा खर्च अशा रीतीने नाव असलेल्याकडून वसूल होतो.

आम्ही केवळ मध्यस्थ, हा पवित्रा या ठिकाणी टिकत नाही. निकालात आलेली पाने इतरांची असतात, हे मान्य. पण ‘तुम्हाला हे म्हणायचे होते’ हे वाक्य कोणत्याही पानावरून उचललेले नसते. ते कंपनीचे स्वतःचे असते. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे २०१३मध्ये शोधपट्टीतल्या आपोआप येणाऱ्या सूचनांबद्दल हेच धरले. सूचना कंपनीच्या, म्हणून त्यांतून कोणाच्या हक्काला बाधा येते हे कळवल्यावर ती थांबवण्याची जबाबदारीही कंपनीची. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३मध्ये, दुसऱ्याचा ट्रेडमार्क जाहिरातीचा शब्द म्हणून वापरण्याच्या प्रकरणात, गूगलला निष्क्रिय मध्यस्थ मानायला नकार दिला. स्पेलिंगच्या दुरुस्तीवर यांतला एकही निकाल थेट लागू होत नाही. पण दोन्हींमागचा विचार तिथवर पोहोचतो. जो बोलतो त्याने आपल्या बोलण्याची जबाबदारी घ्यावी.

मालक लोक कोर्टात जाणार नाहीत. ते वाट काढतात. कार्डावर नावाऐवजी क्यूआर कोड मोठा छापतात, म्हणजे टाइप करायलाच नको. नावापुढे गाव जोडून शोधा, असे गिऱ्हाइकाला फोनवर सांगतात. आणि ज्यांचा धंदा अजून सुरू व्हायचा आहे, त्यांना सल्लागार सांगतात की नाव ठरवण्याआधी ते गूगलमध्ये टाकून पाहा. यंत्राने दुसरे सुचवले तर ते सोडून द्या.

हा शेवटचा सल्ला सर्वांत महाग आहे. त्याचा हिशेब कुठेच लागत नाही. जे नाव ठेवलेच गेले नाही, त्याची तक्रार कोण करणार? घरातल्या शब्दावरून, गावच्या उच्चारावरून, आजोबांच्या पेढीवरून घेतलेली नावे या चाळणीत आधी गळतात. उरतात ती दोन जातींची. एक, कशालाच जवळ नसलेली, कोणत्याही भाषेत न बसणारी. दुसरी, इतकी सर्वसामान्य की ट्रेडमार्क मिळणार नाही. नाव ठेवण्याचा हक्क कागदावर मालकाचाच राहतो. नकाराधिकार मात्र यंत्राकडे जातो.

मागणी फार मोठी नाही. दुरुस्ती बंद करू नये, नवा कायदा करू नये, समिती तर मुळीच नेमू नये. ओळींची अदलाबदल करावी. माणसाने टाइप केलेल्या नावाचे निकाल आधी आणि सूचना त्याखाली. आणि ज्या नावाची पडताळणी कंपनीने स्वतः केली आहे, ते निदान न विचारता बदलू नये. या नावाची माहिती कंपनीजवळ आहे आणि ते नाव मिळवण्याचा खर्च मालकाने केला आहे. तिथे अंदाजाला जागा नाही.

चुकणाऱ्याला यात एका क्लिकचा त्रास होईल. तो त्याने सोसावा, हे न्याय्य आहे. आजच्या व्यवस्थेत तो क्लिक बरोबर लिहिणाऱ्याला करावा लागतो. चूक केली नाही हे सिद्ध करण्याचे ओझे, ज्याने चूक केली नाही त्याच्यावर आहे. शंका आली तर यंत्राने खुशाल विचारावे. उत्तर येईपर्यंत माणसाने जे लिहिले आहे तेच त्याला म्हणायचे होते, असे धरावे.